तीन देशांना जमलं ते तीन राज्यांना का जमू नये? (माकडताप आणि काळाआजार)

घाटपायथा

काजूचा हंगाम सुरू झाला की दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात दोन विषय हमखास निघतात, बीचा दर आणि माकडताप. दरावर इथे आधीच ढीगभर चर्चा झाली आहे, म्हणून हा धागा दुसऱ्या विषयावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा नवंच होतं. आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशनने १९५२ साली सुरू केलेलं, म्हणजे आजची एनआयव्ही. तिथली मंडळी क्यासनूरला गेली ती पीतज्वराची धास्ती घेऊन, कारण माकडं आणि माणसं एकदम आजारी पडण्याचा दक्षिण अमेरिकेतला अनुभव पीतज्वराचाच होता. निघाला भलताच विषाणू, रशियातल्या गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. पसरवणारी गोचीड हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण ३ ते ५ टक्के दगावतात आणि नेमकं औषध अजूनही नाही.

पन्नासहून जास्त वर्षं हा रोग शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरता मानला जायचा. मग २०१२च्या सुमारास बंदीपूर, पाठोपाठ निलगिरी आणि वायनाड, २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातलं पाली, आणि २०१६च्या हंगामात आमच्या दोडामार्गातलं केर. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुकाही यादीत आला.

आता मुद्दा. २०१६ साली बेळगाव भागातले मजूर सत्तरीत काजूच्या कामाला गेले आणि ताप घेऊन घरी परतले. लागण गोव्यात, रुग्ण कर्नाटकात, निदान पुण्यातल्या प्रयोगशाळेत. मग हे रुग्ण नेमके कुणाचे? त्यांना पुढच्या हंगामाआधी लस कुणी द्यायची? पाली, केर आणि खानापूरकडचा डोंगर हे एकच जंगल आहे. गोचिडीला पत्रादेवीचा नाका दिसत नाही.

दुसरीकडे काळाआजार पाहा, सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीतून पसरणारा परजीवीचा ताप. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी मे २००५ मध्ये जिनिव्हात करार केला, एकत्र संशोधन केलं, आणि २०२३ साली बांगलादेश हा काळाआजाराचं सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून उच्चाटन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा जगातला पहिला देश ठरला. पासपोर्ट लागणाऱ्या सीमा ओलांडून हे झालं. आमच्याकडे तर एसटी जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की माकडतापावरचं संशोधन राज्याराज्यांत तुकडे करून होणारच नाही, कारण कुठल्याही एका राज्यात त्यासाठी पुरेसे रुग्ण नसतात. जाणकारांनी भर घालावी.

अनाहूत

वाचतोय. पॉपकॉर्न आणलेत, काजू परवडत नाहीत.

मुक्काम_पोस्ट_मुझफ्फरपूर

चांगला विषय. मी बिहारमध्ये काळाआजाराच्या कामात काही वर्षं होतो (प्रयोगशाळेच्या बाजूला, डॉक्टर नाही). 'तीन देशांनी करार केला आणि रोग गेला' असं ते झालं नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

करारात सगळ्यात कामाचं काय होतं, तर मोजायची पट्टी. वर्षाला दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, आणि हे भारतात ब्लॉक पातळीवर, बांगलादेशात उपजिल्हा पातळीवर आणि नेपाळमध्ये जिल्हा पातळीवर मोजायचं. तुम्ही म्हणाल, यात संशोधन कुठे आलं? पण तिघं जण रुग्ण तीन प्रकारे मोजायला लागले, तर एकाचा अभ्यास दुसऱ्याला वापरताच येत नाही. रुग्ण म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त ताप, वाढलेली पाणथरी (प्लीहा) आणि आरके-३९ची पट्टी पॉझिटिव्ह, ही व्याख्या तिन्हीकडे जवळपास सारखी झाली. बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब, दहा-पंधरा मिनिटांत दोन रेघा. त्याआधी पाणथरीत किंवा हाडाच्या मगजात सुई घालून परजीवी शोधायचे. खेड्यातल्या आरोग्यकेंद्रात ते कोण करणार?

आता औषधाची गोष्ट. १९२०च्या दशकात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात युरिया स्टिबामाइन बनवलं, तेव्हापासून इलाज अँटिमनीवर चालला होता. १९९०च्या दशकात उत्तर बिहारमध्ये अँटिमनी निम्म्याहून जास्त रुग्णांत फेल जायला लागलं. नेपाळमध्ये पाहिलं तर बिहारला लागून असलेल्या जिल्ह्यांत अपयश जास्त आणि आत गेलं की कमी. म्हणजे प्रतिकारशक्ती कमावलेला परजीवी सरळ सीमा ओलांडत होता. नेपाळने एकट्याने काय धोरण ठरवायचं होतं?

मग मुझफ्फरपूरला डॉ. श्याम सुंदर यांच्या गटाने लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस देऊन पाहिला, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम. तुलनेला साध्या अँफोटेरिसिनची १५ सलाइनं, म्हणजे जवळपास महिनाभर खाट अडकलेली. सहा महिन्यांनी बरे झालेले ९५.७ टक्के विरुद्ध ९६.३ टक्के. हा अभ्यास २०१० साली छापून आला. पण तो झाला होता खास काळाआजारासाठी चालवलेल्या केंद्रात. साध्या सरकारी रुग्णालयात, जिथे वीज जाते आणि हे औषध २५ अंशांच्या खाली ठेवायचं असतं, तिथे जमेल का? ते दाखवून दिलं बांगलादेशाने. मयमनसिंग भागातल्या ग्रामीण सरकारी रुग्णालयात ३०० रुग्णांना तोच एक डोस दिला आणि ९७ टक्के बरे झाले. एकाने औषध सिद्ध केलं, दुसऱ्याने ते खेड्यात चालतं हे सिद्ध केलं. मग जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गिलियड कंपनीचं फुकट औषध तिन्ही देशांना मिळालं, कारण मागणी एकत्र होती. ही फुकट बाटली नसती तर आम्ही काय दिवे लावले असते, हा प्रश्न उरतोच.

ऋतुगंधा

किती छान लिहिलंय मुपोमु! पण एक शंका. सँडफ्लाय म्हणजे ती चांदीपुरावाली माशी ना? मग विदर्भात काळाआजार का नाही?

मुक्काम_पोस्ट_मुझफ्फरपूर

@ऋतुगंधा, सँडफ्लायच, पण जात वेगळी. काळाआजार फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस पसरवते. तिला ओल्या मातीच्या, शेणाने सारवलेल्या भिंतींच्या फटी आणि शेजारी बांधलेली गुरं लागतात. गंगेच्या खोऱ्यात हे सगळं एका अंगणात मिळतं. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात पुण्याच्याच मंडळींना सापडला. त्याचा काळाआजाराशी संबंध नाही. तो विषाणू, हा परजीवी.

शंकेखोर

धागाकर्त्याचं म्हणणं ऐकायला गोड आहे, पण काळाआजाराचं गुणगान जरा जास्त होतंय. कराराचं मूळ लक्ष्य होतं २०१५. भारताने ते आधी २०१०, मग २०१५, मग २०१७ (अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर केलं होतं), मग २०२०, मग २०२३ असं ढकललं. आणि एवढं सहकार्य होतं तर बिहारमध्ये २०१५पर्यंत डीडीटीच का मारत होते? सँडफ्लाय डीडीटीला दाद देत नाही हे दिसत होतं. पलीकडे नेपाळवाले कधीचे पायरेथ्रॉइड फवारत होते. मधे सीमा काय, शेताचा बांध.

मुक्काम_पोस्ट_मुझफ्फरपूर

@शंकेखोर, डीडीटीबद्दल शंभर टक्के सहमत. अभ्यास होते, बैठका होत होत्या, पण डीडीटी आपल्याकडे सरकारी कारखान्यात बनत होतं आणि ते पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. फवारायचे स्टिरप पंपही तसलेच जुने. एकजण बादलीत पाय रोवून दांडा मारतोय, दुसरा नळी धरून भिंतीवर कुठे जाड, कुठे पातळ थर देतोय. सहकार्याने माहिती समोर येते, खरेदीचा आदेश निघत नाही.

पण एक उलट बाजूही सांगतो. भारत आणि नेपाळ मिळून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांची मोठी चाचणी झाली होती, कालानेट नावाची. सगळ्यांना वाटत होतं मच्छरदाणी जिंकणार. २०१० साली निकाल आला की लागण कमी झाल्याचं दिसत नाही. एकाच देशात झाली असती तर 'तुमच्याकडे लोक बाहेर झोपतात, आमच्याकडे तसं नाही' म्हणून दुसऱ्या देशाने कोट्यवधींच्या मच्छरदाण्या घेतल्या असत्या. दोन्हीकडे सारखाच नकार आला म्हणून विषय मिटला. मला तर सहकार्याचा हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो, चुकीच्या गोष्टी लवकर बाद होतात.

शंकेखोर

हे पटलं. संख्येच्या बाबतीतही मान्य करतो, १९९२ साली भारतात ७७ हजारांवर रुग्ण होते आणि २०२३ साली ५९५. तारखा चुकल्या तरी दिशा चुकली नाही. बाकी आक्षेप कायम.

नैरोबीकर

इथून थोडी भर. पूर्व आफ्रिकेतही काळाआजार आहे आणि आता जगातला मोठा भार इकडेच आहे. सुदान, इथिओपिया, केनिया आणि युगांडा यांचा 'लीप' नावाचा संशोधन मंच २००३ साली खार्टूममध्ये सुरू झाला. त्यांना बिहारचं उत्तर उचलून लावता आलं नाही. तो एक डोस इकडे तितका चालत नाही, आरके-३९ची पट्टीही इकडे जास्त रुग्ण निसटू देते. म्हणून त्यांनी स्वतःच्या चाचण्या केल्या आणि अँटिमनी अधिक पॅरोमोमायसिन असा १७ दिवसांचा उपचार ठरवला. आधी ३० दिवस रोज इंजेक्शन घ्यावं लागायचं.

सांगायचा हेतू हा की सहकार्य कुणाशी, हे परजीवी आणि माशी ठरवते. आमच्याकडे केनियातला गुराखी चालत युगांडात येतो आणि अमुदात सारख्या सीमेलगतच्या गावात उपचार घेतो. त्यामुळे हे चार देश एक गट. पण याची दुसरी बाजूही पाहून ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि ज्या देशात हे काम रुजलं होतं तिथलंच विस्कटलं. त्याआधीच, त्या वर्षी जानेवारीत, नैरोबीत बैठक होऊन पूर्व आफ्रिकेसाठी उच्चाटनाचा आराखडा ठरला होता. आता तो अमलात कसा येतो ते बघायचं.

तिलारीचो_पावणो

ओ भाऊंनो, ह्यो सगळो अभ्यास बरो आसा. पण आमच्या वाडीत माकड मेलेला गावला तर कोणाक फोन करूचो, ता पैला सांगा. बिहार नि आफ्रिका मागसून बघूया.

घाटपायथा

@तिलारीचो_पावणो, हात लावायचो नाय, पोरांक नि कुत्र्यांक जवळ जावक द्यायचा नाय. आशाताई नाहीतर उपकेंद्रात कळवायचा, आणि वनरक्षकाक. दोघांकय. एकट्याक सांगितलास तर तो दुसऱ्याची वाट बघता.

(प्रमाण मराठीत, बाकीच्यांसाठी) माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पातेऱ्यात (वाळल्या पानांच्या थरात) उतरतात, आणि ती जागा पुढे कितीतरी दिवस धोक्याची राहते. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीच्या जागेत मॅलॅथिऑनची भुकटी मारतात. ते लवकर व्हायला हवं, आणि इथेच आपली गाडी अडते. मेलेलं माकड वनखात्याचं, गोचीड बहुतेक वेळा पशुसंवर्धनाची, ताप आरोग्यखात्याचा. तीन राज्यं गुणिले तीन खाती, करा हिशोब.

डॉ_सुट्टीवर

ग्रामीण भागात काम केलेला डॉक्टर म्हणून थोडं लिहितो.

पहिल्या चार-पाच दिवसांत माकडताप ओळखणं जवळजवळ अशक्य आहे. एकाएकी ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, कंबर आणि पोटऱ्यांत कळा, डोळे लाल, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या. कोकणात असा रुग्ण समोर आला की डेंगी किंवा लेप्टो डोक्यात येतो आणि ते योग्यच आहे. लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन सुरू करावंच. पण डिसेंबर ते मे, शेतात पाणी नाही, डासही फार नाहीत आणि माणूस काजूत किंवा जंगलात जाऊन आलाय, तर रक्त माकडतापासाठी गेलंच पाहिजे. पहिल्या आठवड्यात पीसीआर, पाचव्या-सहाव्या दिवसापासून आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी). काही रुग्णांत (साधारण १० ते २० टक्के) ताप उतरून आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ताप येतो, या वेळी मान आखडणं, कंप, गोंधळलेपण घेऊन. 'बरा झालो' म्हणून माणूस गावी परत गेलेला असतो. वर बेळगावच्या मजुरांचं उदाहरण आलंय, त्यात हा दुसरा टप्पा घरी गाठला तर तिथल्या डॉक्टरला आधीचं काहीच ठाऊक नसणार.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. तिन्ही राज्यांत संशयित रुग्णाचा फॉर्म एकच हवा, आणि त्यात 'गेल्या तीन आठवड्यांत कुठल्या गावात काम केलं' हा रकाना सक्तीचा हवा. राहण्याचं गाव सगळे विचारतात. कामाचं गाव फार थोडे.

ऋतुगंधा

ही गोचीड दिसते कशी? आमच्या कुत्र्याच्या कानात असतात तसल्या राखाडी मण्यासारख्या?

घाटपायथा

@ऋतुगंधा, ती रक्त पिऊन फुगलेली मादी. माणसाला चावते ती बहुतेक वेळा पिल्लू अवस्थेतली, खसखशीच्या दाण्याएवढी. पायाला काळा ठिपका दिसतो, तुम्ही माती समजून झटकता, तो हलत नाही. नीट पाहिलं तर पाय दिसतात. काजूत बायका बोंडं वेचायला खाली बसतात, बी सोडवून टोपलीत टाकतात, ते सगळं वाळल्या पानांच्या थरात. आणि नेमक्या याच महिन्यांत आमच्याकडे भाजावळीसाठी (रोपांची जमीन भाजायला) पातेरा गोळा करतात, डोक्यावर भारे घेऊन घरी आणतात. पिल्लांचा काळही तोच.

काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. पिळायची नाही, उदबत्तीने जाळायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. कामाला जाताना हातापायांना डेपा तेल (डीआरडीओचं, कर्नाटकात वाटतात), आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात.

अनाहूत

अवांतर: याच रोगामुळे सालिम अलींच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जागतिक आरोग्य संघटनेचे पैसे मिळाले होते. सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी विषाणू घेऊन आल्या का, हे पाहायचं होतं. पक्ष्यांवर आरोप सिद्ध झाला नाही, पण भारतातला पक्ष्यांना कड्या घालायचा मोठा कार्यक्रम त्यातून उभा राहिला. अवांतर समाप्त. पॉपकॉर्न संपले.

टक्केटोणपे

संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून धागाकर्त्याच्या 'एका राज्यात पुरेसे रुग्ण नसतात' या वाक्यावर लिहितो. कारण सगळ्या चर्चेत ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि कुणी धरलं नाही.

आधी जुनी लस. फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूची, बेंगळुरूला हेब्बाळच्या पशुवैद्यकीय संस्थेत बनायची, १९९०पासून वापरात. गोवा आणि सिंधुदुर्गातही तीच दिली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दर वर्षी. वर सुई दुखायची जबरदस्त. २००५ ते २०१० या काळातल्या कर्नाटकातल्या आकडेवारीवरून तिची परिणामकारकता दोन डोसांनंतर ६२.४ टक्के आणि बूस्टर घेतलेल्यांत ८२.९ टक्के निघाली होती. पुढे ती आणखी ढासळली आणि २०२२नंतर वापर बंद झाला. नवी लस आयसीएमआर-एनआयव्ही आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून बनवत आहेत, ती माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोचली आहे.

आता खरा पेच पुढच्या टप्प्याचा. आकडे मी समजण्यासाठी घेतोय. समजा एका भागात हंगामात दर हजारी एकाला माकडताप होतो. २०,००० लोक घेतले, निम्म्यांना ही लस, निम्म्यांना दुसरी एखादी. बिनलशीच्या १०,०००त १० रुग्ण. लस ७० टक्के चालली तर लसवाल्यांत ३. दहा विरुद्ध तीन! वर्तमानपत्र मथळा छापेल, पण गणित म्हणतं की खरी परिणामकारकता शून्याच्या खालपासून ९० टक्क्यांच्या वरपर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. आणि २०,००० लोक म्हणजे दोडामार्गासारख्या तालुक्याची लोकसंख्या मोठ्या प्रमाणात घेतल्यासारखंच.

त्यात हा रोग जागा बदलतो. यंदा केर पेटलं म्हणून पुढच्या वर्षी केर निवडावं, तर रोग भलत्याच खोऱ्यात. मग शून्य विरुद्ध शून्य. म्हणून शिमोगा, उत्तर कन्नड, सत्तरी, दोडामार्ग, वायनाड अशी गावं एकाच चाचणीत, एकाच आराखड्याने, एकाच वेळी घ्यावी लागतील. मैत्री, बंधुभाव वगैरे बाजूला ठेवा. नमुन्याचा आकारच तसा आहे.

शंकेखोर

टक्केटोणपे, इबोलाच्या वेळी गिनीत २०१५ साली वेगळी युक्ती केली होती. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातल्यांचं कडं करून त्यांनाच लस द्यायची. गावंच्या गावं टोचायची गरज नाही. इथे मेलेल्या माकडाभोवती कडं केलं तर? कमी लोकांत जास्त रुग्ण मिळतील, तुमचा आकार आटोक्यात येईल.

टक्केटोणपे

कल्पना आवडली, पण इबोलाची ती लस एका डोसात आणि दहा दिवसांत काम करायची. मारलेल्या विषाणूची दोन डोसांची लस, मध्ये काही आठवड्यांचं अंतर, मग प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ. जानेवारीच्या शेवटी माकड मेलं तर संरक्षण मिळेपर्यंत मार्च उजाडला. तोवर त्या गावातली निम्मी लागण होऊन गेलेली असेल.

माकडांच्या मृत्यूचा वापर वेगळा होऊ शकतो, पुढच्या हंगामासाठी गावं निवडायला. यावर कामही झालंय. ब्रिटिश, बेंगळुरूच्या आणि इतर भारतीय संस्थांनी मिळून 'मंकीफीव्हररिस्क' नावाचा प्रकल्प केला. त्यात दिसलं की धोका घनदाट जंगलाच्या पोटात नाही, सदाहरित जंगल आणि बागा-शेती जिथे एकमेकांत घुसतात त्या पट्ट्यात आहे, आणि जिथे गुरांची संख्या जास्त तिथे. गुरं विषाणू टिकवत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना पोसतात.

तिलारीचो_पावणो

म्हणजे आमच्या घराच्या मागची बाग. जंगल, काजी, गोठो, सगळा थयच.

आणि एक. बांबोळी (गोव्याचा सरकारी हॉस्पिटल) आमका जवळ. माणूस जास्त आजारी झालो की आमी ओरोसाक (आमच्या जिल्ह्याच्या हॉस्पिटलात) जाय नाय, बांबोळीक जाता. २०१८त गोव्यान भायल्या पेशंटांक पैसे लावले तेव्हा हयसर केवढो गदारोळ झालो, आठवता? आता तुमच्या अभ्यासात आमचो माणूस गोव्याच्या वहीत जातलो की सिंधुदुर्गाच्या?

डॉ_सुट्टीवर

@तिलारीचो_पावणो, हा नेमका प्रश्न आहे. उत्तर 'दोन्हीकडे आणि एकदाच' असं हवं. म्हणजे दाखल कुठेही होवो, एकच क्रमांक.

काही गोष्टी जमल्याही आहेत, त्या सांगायला हव्यात. ट्रूनॅट नावाचं छोटं पीसीआर यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, क्षयरोगासाठी ते अनेक ठिकाणी आहे. त्याच यंत्रावर चालणारी माकडतापाची चिप एनआयव्हीबरोबर तयार झाली. त्याआधी दोडामार्गातला नमुना बर्फाच्या डब्यात घालून घाट चढून पुण्याला, साधारण चारशे किलोमीटर. विषाणू इतका धोकादायक वर्गातला आहे की तो वाढवायचा तर पुण्यातल्या २०१२ साली सुरू झालेल्या चौथ्या पातळीच्या प्रयोगशाळेसारखी जागा लागते, ते तालुक्यात होणार नाही. पण निदान तालुक्यात होऊ शकतं. गोव्याचं यंत्र, पुण्याचं विषाणूशास्त्र आणि कर्नाटकातला साठेक वर्षांचा रोगाचा अनुभव, हे तीन तुकडे एकमेकांना लागतातच.

नैरोबीकर

@टक्केटोणपे, तिसरा टप्पा टाळून प्रतिपिंडांच्या पातळीवरून परवाना देता येत नाही का? चिकनगुन्याच्या एका लशीला अमेरिकेत २०२३ साली तसाच दिला होता.

टक्केटोणपे

देता येतो, आणि माकडतापाच्या बाबतीत बहुधा तोच मार्ग धरावा लागेल असं मला वाटतं. पण त्याच लशीचा परवाना अमेरिकेने २०२५ साली स्थगित केला, वापरात आल्यावर गंभीर त्रासाच्या नोंदी आल्या म्हणून. थोडक्यात, परवाना आधी दिला तर खरा अभ्यास परवान्यानंतर करावा लागतो. कुणाला लस दिली, कधी दिली, नंतर ताप आला का, आला तर कुठल्या राज्यातल्या कुठल्या रुग्णालयात. बेळगावचा मजूर लस घरी घेणार, काजूला सत्तरीत जाणार आणि आजारी पडला तर बांबोळीत भरती होणार. लशीची नोंद एका राज्याच्या संगणकात आणि तापाची दुसऱ्याच्या राहिली, तर त्याला लस लागू पडली नाही हे कुणाला कळणारच नाही आणि लस कागदावर १०० टक्के यशस्वी दिसेल.

मुक्काम_पोस्ट_मुझफ्फरपूर

काळाआजारात हे अगदी असंच झालं होतं. सीतामढीचा माणूस नेपाळात उपचार घ्यायचा, नेपाळचा माणूस इकडे यायचा, आणि दोन्हीकडे 'परका रुग्ण' म्हणून बाजूला काढायचे. परका रुग्ण कुणाच्याच लक्ष्यात मोजला जात नव्हता, त्यामुळे त्याच्या घरी फवारणीही व्हायची नाही. २०१४ साली ढाक्यात करार नव्याने झाला, भूतान आणि थायलंडही आत आले, तेव्हा सीमेपलीकडच्या रुग्णांची माहिती एकमेकांना देण्यावर भर होता. प्रत्यक्षात बरीच माहिती जिल्ह्यातले अधिकारी एकमेकांना फोनवर सांगायचे, व्हॉट्सअपवर गावाचं नाव टाकायचे. कागदी पत्र दिल्ली-काठमांडू फिरून येईपर्यंत फवारणीची फेरी संपलेली असायची.

घाटपायथा

मग आपल्याकडे सुरुवात तिथूनच करता येईल. सत्तरी, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर एवढ्या तालुक्यांचे आरोग्य अधिकारी, वनक्षेत्रपाल आणि पशुवैद्य एका गटात. डिसेंबर ते मे. मेलेलं माकड, संशयित ताप आणि कामाचं गाव, एवढंच टाकायचं, रुग्णाचं नाव नको. यासाठी मंत्रिमंडळाची मंजुरी लागेल असं वाटत नाही, पण मी सरकारी माणूस नाही. इथे कुणी आरोग्यखात्यातलं असेल तर सांगा, असा गट करायला वरून पत्र लागतं का, की जिल्हा पातळीवर होऊ शकतं?

आरोग्यसेवक_माजी

जिल्हा पातळीवर होऊ शकतं. जिल्ह्यात साथरोगाच्या बैठका होतातच, शेजारच्या जिल्ह्याला बोलवायला कुणी अडवत नाही. दुसऱ्या राज्याला बोलवायचं तर जिल्हाधिकाऱ्यांकडून पत्र गेलेलं बरं, नाहीतर समोरचा माणूस येतो पण आकडे आणत नाही. बैठक नोव्हेंबरात घ्या. जानेवारीत घेतलीत तर सगळे फवारणीत आणि लोकांच्या शिव्या खाण्यात अडकलेले असतात. आणि पशुवैद्यांना पहिल्या पत्रातच घाला. त्यांना नेहमी शेवटी आठवण होते आणि मग ते रुसतात, हे अनुभवाने सांगतो.

तिलारीचो_पावणो

नोव्हेंबरात बैठक असात तर जागा दोडामार्गात ठेवा. तिनय राज्यांक बरोबर मध्ये पडता. जेवणाचा आमी बघू.